लाकडावर उभं शहर: अ‍ॅमस्टरडॅमची घरं कलतात का, आणि ते लाकूड कुजत का नाही?

अ‍ॅमस्टरडॅमला जाऊन आलेल्या माणसाच्या फोनमध्ये एक फोटो हमखास सापडतो. कालव्याकाठी दाटीवाटीने उभी अरुंद, उंच घरं. एक डावीकडे कललेलं, दुसरं शेजारच्यावर रेललेलं, तिसरं रस्त्याकडे झुकलेलं. फोटोखाली ‘कसलं गोड!’ म्हणून प्रतिक्रियांचा पाऊस. त्या घराच्या मालकाला ते गोड वाटत असेलच असं नाही.

२७ ऑक्टोबर २०२५ रोजी या शहराने आपला ७५०वा वाढदिवस साजरा केला. पण त्या वर्षी तिथे गेलेल्यांना आणखी एक दृश्य दिसलं असेल: कालव्यांच्या कडेला ठोकलेले पोलादी पत्रे, भिंतींना लावलेले टेकू, पुलांवर जड वाहनांना बंदीच्या पाट्या, जागोजागी खोदकाम. युरोपातल्या श्रीमंत शहरांपैकी एक, आणि त्याच्या मध्यवस्तीला आधार द्यावा लागतोय. कारण समजायचं तर जमिनीच्या वर पाहून भागत नाही, बारा मीटर खाली जावं लागतं.

मुळात तिथे जमीन होती का?

होती, पण ती जमीन म्हणजे दलदल. हजारेक वर्षांपूर्वी या भागात पीटचा जाड थर पसरलेला होता. पीट म्हणजे पाण्यात साचून अर्धवट कुजलेल्या वनस्पतींची काळी, स्पंजासारखी माती. तिच्यात मातीपेक्षा पाणीच जास्त. शेतकऱ्यांनी चर खणून ते पाणी काढून दिलं, शेतं कोरडी केली, धान्य पेरलं. इथेच पुढच्या सगळ्या कथेचं बीज आहे.

पीटमधलं पाणी गेलं की दोन गोष्टी होतात. एक तर ती आक्रसते. दुसरं, आत हवा शिरते आणि शेकडो वर्षं पाण्याखाली टिकलेला तो वनस्पतींचा अवशेष हळूहळू कुजून हवेत विरून जातो. म्हणजे जमीन नुसती दबत नाही, ती अक्षरशः नाहीशी होते. जमीन खाली गेली की पाणी पुन्हा वर येतं, मग आणखी खोल चर, मग बांध, मग पवनचक्कीचा पंप. नेदरलँड्सच्या पश्चिम भागाचा आठशे-हजार वर्षांचा इतिहास म्हणजे हे चक्र आहे, आणि ते अजून थांबलेलं नाही.

खचलेल्या जमिनीवर समुद्राचं पाणी येऊ नये म्हणून तेराव्या शतकात आम्स्टेल नदीच्या मुखाशी लोकांनी धरण घातलं. धरण म्हणजे डच भाषेत डॅम; आज पर्यटकांनी गजबजलेला डॅम चौक त्याच जागी आहे. २७ ऑक्टोबर १२७५ रोजी हॉलंडचा काउंट पाचवा फ्लोरिस याने या धरणापाशी राहणाऱ्या लोकांना आपल्या मुलखात जकात माफ केली. गावाचा पहिला लेखी उल्लेख त्या माफीपत्रात आहे, आणि वाढदिवस मोजतात तो तिथपासून. एखाद्या शहराचा जन्मदाखला म्हणजे करमाफीचा कागद असावा, हे पुढे काय घडलं ते पाहता अगदी शोभून दिसतं.

आगीने विटा आणल्या, विटांनी खांब

सुरुवातीची घरं लाकडाची, हलकी. पीटवर फांद्यांचे थर, काठ्या, शेण-चिखलाची भर टाकून ती उभी राहत. थोडी खचली तर पुन्हा भर टाकायची. पण १४२१ आणि १४५२ साली मोठ्या आगी लागल्या. दुसऱ्या आगीत शहराचा बहुतांश भाग जळाला. त्यानंतर भिंती विटांच्या बांधण्याचे नियम आले. जुन्या लाकडी घरांपैकी आज मध्यवस्तीत दोनच उरली आहेत: एक बेखाइनहोफ या शांत आवारातलं, साधारण १५२८ सालचं, आणि दुसरं झेडाइक रस्त्याच्या तोंडाशी.

वीट आगीला दाद देत नाही, पण ती जड. विटांचं तीनमजली घर पीटवर ठेवलं तर ते रुतणारच. सुदैवाने त्या लिबलिबीत थरांखाली, साधारण बारा मीटरवर, हिमयुगातल्या घट्ट वाळूचा थर आहे. मग युक्ती अशी निघाली की घराचं ओझं वरच्या मातीवर न टाकता थेट वाळूवर टाकायचं. त्यासाठी पाइन आणि स्प्रूस या सूचिपर्णी झाडांचे लांब, सरळ बुंधे उलटे, म्हणजे निमुळतं टोक खाली करून जमिनीत ठोकायचे, ते वाळूत घट्ट बसेपर्यंत. बांधकामात याला पाइल म्हणतात. मुंबईत टॉवर उभा राहताना दिवसभर चालतं ते पायलिंग तेच, फक्त तिथे काँक्रीट असतं. इथून पुढे मी त्यांना नुसतं खांब म्हणेन.

भिंतीच्या रेषेखाली खांबांच्या जोड्या, त्यांच्या डोक्यावर आडव्या तुळया, तुळयांवर जाड फळ्या, आणि त्या फळ्यांवर विटांची भिंत. यंत्रं नव्हती. उंच तिवईवरून जाणाऱ्या दोरांना तीस-चाळीस माणसं लोंबकळत, जड ठोकळा वर ओढत आणि सोडून देत. ताल चुकू नये म्हणून मुकादम गाणी म्हणे आणि बाकीचे ओळ उचलत. लाकूड नॉर्वे, बाल्टिक किनारा आणि जर्मनीच्या जंगलांतून येई, कारण हॉलंडमध्ये असली जंगलं नव्हतीच.

डॅम चौकातला राजवाडा १६४८ साली नगरभवन म्हणून बांधायला घेतला. त्याच्याखाली १३,६५९ खांब आहेत. डच शाळकरी मुलं हा आकडा सोप्या युक्तीने लक्षात ठेवतात: वर्षाचे दिवस ३६५, अलीकडे एक आणि पलीकडे नऊ. सेंट्रल स्टेशन त्यामानाने अलीकडचं, १८८९ सालचं. ते तर पाण्यात भर टाकून केलेल्या तीन बेटांवर ८,६८७ खांबांच्या आधाराने उभं आहे.

पण लाकूड पाण्यात कुजायला नको?

ही शंका प्रत्येकाला येते. उत्तर आपल्याच अंगणात आहे. कुंपणाला ठोकलेला लाकडी खांब चार पावसाळ्यांनी मोडतो तेव्हा तो कुठे मोडतो ते आठवा. वरचा भाग ठणठणीत असतो, खोल गाडलेला भागही बऱ्यापैकी शाबूत निघतो. मोडतो तो नेमका जमिनीलगत. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला दोन गोष्टी एकदम लागतात, ओल आणि हवा. वर हवा आहे पण ओल टिकत नाही. खोल मातीत ओल आहे पण हवा नाही. जमिनीलगतच्या वीतभर पट्ट्यात दोन्ही मिळतात.

अ‍ॅमस्टरडॅमच्या गवंड्यांना बुरशीचं शास्त्र माहीत नव्हतं, पण हा अनुभव होता. म्हणून खांबांची डोकी, तुळया, फळ्या असं सगळं लाकूड त्यांनी भूजलाच्या पातळीखाली ठेवलं आणि विटा तिथून वर नेल्या. जोपर्यंत लाकूड पूर्ण बुडालेलं आहे तोपर्यंत बुरशी त्याला शिवत नाही. चारशे वर्षांपूर्वीचे खांब आजही काम करताहेत ते याच एका अटीवर.

आणि म्हणून या शहराची भीती थोडी उलटी आहे. आपल्याला वाटतं, डच लोकांना रात्रंदिवस पाणी वाढण्याची धास्ती असेल. ती आहेच. पण घराच्या मालकाची झोप उडते ती पाणी उतरल्यावर. २०१८ आणि २०२२ सारख्या कोरड्या उन्हाळ्यांत भूजल खाली जातं, खांबांची डोकी उघडी पडतात, हवा लागते आणि कुजणं सुरू होतं. दुष्काळच पाहिजे असंही नाही. रस्त्याखालची फुटकी सांडपाण्याची नळी आजूबाजूचं भूजल स्वतःत ओढून घेते. मोठ्या झाडाची मुळं पाणी शोषतात. अंगणात फरशी घातली की पाऊस जमिनीत मुरत नाही. शेजारी तळघर खणताना पंप लावून पाणी उपसलं तरी तेच. घराच्या एका कोपऱ्याखाली असं काही घडलं की तेवढाच कोपरा खचतो आणि घर वाकडं होतं.

हवेशिवाय काम करणारे जीवाणूही असतात. ते फार सावकाश लाकूड पोखरतात, आणि स्प्रूसपेक्षा पाइनला त्यांचा उपद्रव जास्त. शिवाय भोवतालचा पीटचा थर खचताना खांबाला घासत त्यालाही खाली ओढतो. थोडक्यात, पाणी नीट राखलं तरी खांब अमर नाहीत. फक्त त्यांचं आयुष्य शतकांत मोजता येतं.

पुढे झुकलेलं घर आणि बाजूला कललेलं घर

या दोहोंत फरक आहे, आणि तो कळला की कालव्याकाठचा फेरफटका जास्त रंगतो. बाजूला कललेलं घर म्हणजे खाली पायाने दगा दिलेला. पण रस्त्याकडे पुढे झुकलेली दर्शनी भिंत बहुतेक वेळा मुद्दाम तशी बांधलेली असते. या घरांचे जिने इतके अरुंद आणि उभे की पलंगसुद्धा वर जाईना. मग छपराच्या टोकाला तुळई आणि आकडा लावून सामान बाहेरून दोरीने खेचत आणि खिडकीतून आत घेत. भिंत थोडी पुढे झुकलेली असली की गाठोडं भिंतीवर आपटत नाही. ती तुळई आजही जवळजवळ प्रत्येक घराला आहे, आणि घर बदलताना लोक ती वापरतात.

घरं अरुंद का? कारण कालव्याकाठची लांबी हीच सर्वांत महाग गोष्ट होती. माल बोटीने दारात येई, त्यामुळे प्रत्येक व्यापाऱ्याला पाण्याला लागून दार हवं. मग तोंड छोटं आणि पोट खोल अशी घरं झाली. पुढचं घर, मध्ये चौकासारखी मोकळी जागा, मागे आणखी एक घर. प्रिन्सेनग्राख्त क्रमांक २६३ हे १६३५ साली बांधलेलं असंच घर. रस्त्यावरून त्याचा मागचा भाग दिसतच नाही. जुलै १९४२ पासून ४ ऑगस्ट १९४४ पर्यंत अ‍ॅन फ्रँक आणि इतर सात जण नाझींपासून लपून राहिले ते त्या मागच्या घरात. तिथे जाताना हे लक्षात ठेवावं. तिकिटं आधी ऑनलाइन काढावी लागतात, ऐनवेळी मिळत नाहीत.

हा पैसा आला कुठून?

हजारो झाडं परदेशातून आणून चिखलात ठोकायची तर पैसा लागतो. १५८५ साली अँटवर्प शहर स्पॅनिश फौजांच्या ताब्यात गेलं आणि तिथले व्यापारी, कारागीर, सावकार उत्तरेकडे पळाले. पोर्तुगाल आणि स्पेनमधून छळ चुकवून ज्यू कुटुंबं आली. तीसेक हजार वस्तीचं गाव शंभर वर्षांच्या आत दोन लाखांच्या आसपास पोचलं. १६०२ साली डच ईस्ट इंडिया कंपनी निघाली आणि तिचे शेअर अ‍ॅमस्टरडॅममध्ये खरेदी-विक्रीला आले. शेअर बाजाराची गोष्ट सांगताना आजही सुरुवात इथून होते.

या कंपनीचा हात आपल्या किनाऱ्यापर्यंत पोचला होता. वेंगुर्ल्याला आज पडक्या अवस्थेत उभी असलेली डच वखार तिचीच. गोव्यातल्या पोर्तुगीजांवर नजर ठेवायला ती जागा सोयीची होती. मसाले, कापड आणि गुलामगिरीच्या व्यापारातून आलेला हा पैसा होता, आणि गुलामगिरीतल्या सहभागाबद्दल शहराच्या महापौरांनी २०२१ साली जाहीर माफी मागितली आहे. कालव्यावरच्या सुंदर घरांकडे पाहताना हेही डोक्यात असलेलं बरं.

१६१३ पासून जुन्या शहराभोवती हेरेनग्राख्त, कायझर्सग्राख्त आणि प्रिन्सेनग्राख्त असे अर्धवर्तुळाकार कालवे खणायला घेतले. माल नेणं, पाणी काढून देणं, खणलेल्या मातीने शेजारची जमीन उंच करणं अशी तिन्ही कामं एकाच खोदाईत झाली. कालव्यांचा हा पट्टा २०१० पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे.

शहर समुद्रसपाटीच्या खाली आहे, हे खरं ना?

अर्धं खरं. समुद्रसपाटी मोजण्याची डच पट्टीच मुळात या शहराची. सतराव्या शतकाच्या अखेरीस महापौर आणि गणितज्ञ योहानेस हुडे यांनी भरतीच्या पातळीच्या खुणा जलद्वारांच्या दगडांत कोरून घेतल्या. त्यातून शून्याची जी रेषा ठरली, तिच्यावरच पुढे युरोपातली उंची मोजण्याची पद्धत बेतली गेली.

त्या शून्यापेक्षा कालव्यांचं पाणी ४० सेंटिमीटर खाली राखलं जातं. जुन्या शहराचे रस्ते मात्र शून्याच्या थोडे वर आहेत, कारण शेकडो वर्षं तिथे भर पडत आली. खरं खोल आहे ते सभोवार. पूर्वेकडचा वॉटरग्राफ्समेर हा भाग १६२९ साली उपसलेल्या तळ्याच्या तळाशी आहे. तुमचं विमान उतरतं तो स्किपोल विमानतळ १८५२ साली कोरड्या केलेल्या सरोवराच्या तळावर, समुद्रसपाटीच्या काही मीटर खाली.

समुद्राशीही आता थेट गाठ नाही. पूर्वी बाजूलाच झाउडरझे नावाची खारी खाडी होती. १९३२ साली ३२ किलोमीटर लांबीचा बांध घालून ती बंद केली आणि तिचं गोडं सरोवर झालं. पश्चिमेला आयमाउडनची जलद्वारं आणि प्रचंड पंप जास्तीचं पाणी समुद्रात टाकतात.

मग कालव्यांच्या भिंती आताच का ढासळताहेत?

कारण घरांसारख्याच त्याही लाकडी खांबांवर आहेत, आणि त्या बांधल्या होत्या घोडागाड्यांसाठी. त्यांच्यावरून आज मालाचे ट्रक जातात, काठावर मोटारी उभ्या राहतात. दुरुस्तीकडे कैक दशकं काणाडोळा झाला. १ सप्टेंबर २०२० रोजी विद्यापीठाजवळच्या ग्रिमबर्गवालवर काठाची भिंत रस्त्यासकट पाण्यात कोसळली. पर्यटकांची एक बोट थोड्याच वेळापूर्वी तिथून गेली होती. कुणाला इजा झाली नाही, पण शहर खडबडून जागं झालं. सुमारे २०० किलोमीटर काठभिंती आणि शेकडो पूल तपासायचे, आणि खराब ते नव्याने बांधायचे, असं काही दशकांचं काम आता चालू आहे. जड वाहनांवरची बंदी त्यातूनच आली.

‘एवढं आहे तर सगळं उपटून काँक्रीट घाला ना!’ असं म्हणणारे भेटतात. नव्या इमारती काँक्रीटच्या खांबांवरच उभ्या राहतात. जुन्या घराखाली मात्र ते काम अवघड: तळमजल्याची जमीन उखडायची, घराच्या आतूनच पोलादी नळ्यांचे तुकडे जोडत जोडत वाळूपर्यंत दाबायचे, वर काँक्रीटचा जाड पाट ओतून जुन्या भिंती त्यात अडकवायच्या. खर्च सहज लाख युरोंच्या घरात जातो आणि तो मालकाने सोसायचा. भिंती सामाईक असल्यामुळे शेजारी तयार नसला तर काम अडतं. सरकारच्या एका सल्लागार परिषदेने २०२४ साली अंदाज दिला की देशभरात सव्वाचार लाख इमारतींना २०३५ पर्यंत पायाचा त्रास होईल किंवा आधीच होतो आहे. उपाय म्हणून भूजल वर ठेवा म्हटलं, तर पीटवर गाई चारणारे शेतकरी चिडतात. ओल्या रानात ट्रॅक्टर रुततो. एकाच पाण्याच्या पातळीवर शहराचा आणि शेताचा हट्ट परस्परविरुद्ध आहे, आणि माझ्या मते या देशातला यापुढचा मोठा झगडा समुद्रापेक्षा याच सेंटिमीटरांवरून होईल.

जमिनीखाली हात घातला की काय होतं, याचा धडा मेट्रोने दिला. उत्तर-दक्षिण मार्गाचं काम २००३ साली सुरू झालं. २००८ साली व्हेझलग्राख्त इथल्या स्थानकाची भिंत गळली, माती-पाणी आत आलं आणि वरची सतराव्या शतकातली विणकरांची घरं पंधरा सेंटिमीटर आणि त्याहून अधिक खचली. काम थांबलं, खर्च तीन अब्ज युरोंवर गेला. मार्ग सुरू व्हायला जुलै २०१८ उजाडला.

जाणार असाल तर

त्याच मेट्रोच्या रोकिन स्थानकावर उतरा. आम्स्टेलचं जुनं पात्र खणताना सुमारे सात लाख वस्तू सापडल्या: नाणी, चाव्या, दातांच्या कवळ्या, मोबाइल फोन. त्यांतल्या हजारो वस्तू सरकत्या जिन्यांच्या मधल्या काचेच्या पेट्यांत मांडल्या आहेत, मेट्रोच्या तिकिटात बघायला मिळतात. वॉटरलूप्लाइनजवळच्या नगरभवनात पाण्याने भरलेले काचेचे उंच स्तंभ आहेत. दोन स्तंभांत समुद्राची त्या क्षणाची पातळी दिसते आणि तिसऱ्यात १९५३ च्या महापुराची. तो तिसरा बघायला मान वर करावी लागते. ‘माळ्यावरचा देव’ नावाचं संग्रहालय चुकवू नका: कॅथलिकांना उघड प्रार्थनेला मनाई असताना एका व्यापाऱ्याने १६६३ साली आपल्या कालव्यावरच्या घराच्या माळ्यावर अख्खं चर्च उभारलं. बाहेरून काही कळत नाही.

राइक्सम्युझियममध्ये रेम्ब्राँचं ‘नाइट वॉच’ बघायला सगळेच जातात. त्या संग्रहालयाकडे गोवळकोंड्यात सतराव्या शतकाच्या अखेरीस काढलेल्या व्यक्तिचित्रांचा एक संचही आहे. तो अ‍ॅमस्टरडॅमचे महापौर निकोलास विट्सेन यांच्याकडे होता, आणि त्यात छत्रपती शिवाजी महाराजांचं चित्र आहे. कागदावरची चित्रं उजेडाने खराब होतात म्हणून ती कायम मांडलेली नसतात. संग्रहालयाच्या संकेतस्थळावर मात्र घरबसल्या मोठी करून बघता येतात.